टाकीतलं युनिट काढण्याआधी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

जुन्या गाड्यांच्या पेट्रोलकाट्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. टाकीत बसणाऱ्या आणि पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या दांडीवर चालणाऱ्या भागाला कुणी 'सेंडर' म्हणतं, कुणी 'फ्लोट युनिट'. आपल्याकडच्या स्पेअरपार्टच्या दुकानात 'टँक युनिट' म्हटलं की लगेच कळतं, म्हणून इथे तोच शब्द वापरला आहे.

प्रश्न: माझी १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे, २८९ इंजिनाची. पेट्रोलचा काटा कायम 'ई'च्या खाली पडलेला असतो, टाकी गच्च भरली तरी हलत नाही. नवीन टँक युनिट मागवलं आहे. घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बदलता येईल का? — एडिसन, न्यू जर्सी

बदलता येईल, पण नव्या युनिटचं खोकं अजून फोडू नका. काटा पडण्याची बरीच कारणं टाकीच्या बाहेर असतात आणि ती तपासायला पेट्रोलला हातही लावावा लागत नाही.

तुमच्या गेजमध्ये, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्याच्या यंत्रात, दोन धातूंची एक पट्टी आहे. तिच्याभोवतीच्या तारेतून करंट जास्त गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा 'एफ'कडे ढकलते. किती करंट जाऊ द्यायचा हे टाकीतलं युनिट ठरवतं. टाकी रिकामी असताना त्याचा रेझिस्टन्स साधारण ७३ ओहम असतो, निम्म्यावर २२च्या आसपास आणि भरलेली असताना १०. म्हणजे वायर तुटली किंवा अर्थिंग गेलं, तर काटा 'ई'च्या खाली लोळणार. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे. फ्लोट बुडाला तरीही काटा 'ई'लाच राहतो. तेव्हा या तिघांत दोषी कोण, हे आधी ठरवू.

गाडीखालून पाहिलं तर टाकीच्या पुढच्या, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलकडच्या तोंडावर युनिट दिसेल. त्यावर एकच वायर आहे. इग्निशन बंद ठेवून ती काढा. तिच्या टोकाला आणि बॉडीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागेला १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. सगळं घट्ट जोडून झाल्यावरच इग्निशन चालू करा. टाकीजवळ ठिणगी पडेल असं काही करायचं नाही. मग एक मिनिटभर थांबा, कारण पट्टी तापायला वेळ लागतो आणि घाई करणारा माणूस इथे चांगलं गेज फेकून देतो. काटा 'एफ'वर गेला तर गेज, वायर आणि डॅशबोर्डमागचा व्होल्टेज रेग्युलेटर हे तिन्ही ठीक आहेत. नाही गेला तर पुढे पाहा. तापमानाचा आणि ऑइलचा काटाही मेलेला असेल तर रेग्युलेटर गेला आहे, कारण तिघांना तोच सरासरी ५ व्होल्ट पुरवतो. गेज तपासायला थेट १२ व्होल्ट देऊ नका, आतली बारीक तार जळते.

काटा 'एफ'वर गेला असेल तर आता अर्थिंग बघा. मस्टँगची टाकी डिकीच्या तळात वरून बसवून स्क्रूंनी आवळलेली असते. खाली सीलची पट्टी, वर रंगाचे थर आणि स्क्रूंना गंज. युनिटला अर्थ मिळतो तो या स्क्रूंमधूनच. मल्टीमीटरचं एक टोक युनिटच्या कडेला, दुसरं बॉडीला लावा. रीडिंग १ ओहमच्या आत हवं. जास्त आलं तर एका स्क्रूखाली पत्रा खरवडून तिथून युनिटच्या कडेपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर टाका. काम इथेच संपू शकतं.

अर्थिंगही चोख असेल, तर मीटर युनिटच्या टर्मिनलला आणि कडेला लावा. टाकी भरलेली असूनही ७०च्या घरात ओहम दिसले तर आतली तार शाबूत आहे पण फ्लोट बुडाला आहे. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली किंवा तिच्यावर घासणारी पत्ती निसटली. दोन्ही बाबतींत टाकी उघडावी लागेल. मात्र पहिल्या बाबतीत फक्त पितळी फ्लोट बदलून भागतं. तो दांडीवर चिमट्यासारखा बसतो आणि सुटा मिळतो.

आता उघडण्याबद्दल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं तरी पेट घेते. तुमच्याकडे बऱ्याच घरांत गॅसवर चालणारा पाण्याचा हीटर गॅरेजमध्येच असतो आणि त्याची छोटी ज्योत सतत जळत असते. म्हणून हे काम गॅरेजमध्ये करू नका, बाहेर मोकळ्या हवेत करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. तारेच्या बल्बचा हातदिवा नको, फुटला तर आग लागते. डोक्याला लावायचा एलईडी दिवा चांगला. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर उभी करा.

युनिटचं भोक टाकीच्या तोंडावर खाली असल्यामुळे टाकी जवळजवळ पूर्ण रिकामी करावीच लागते. टाकी १६ गॅलनची, म्हणजे सुमारे ६० लिटरची आहे, तेव्हा आधी गाडी फिरवून पेट्रोल जितकं संपवता येईल तितकं संपवा. उरलेलं तळाच्या ड्रेन प्लगमधून काढा. प्लग नसेल तर हातपंप वापरा. कॅन भरताना तो जमिनीवर टेकलेला असू द्या. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची सवय अनेकांना असते. ती जीवघेणी आहे: चमचाभर पेट्रोल श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसं सुजतात.

युनिटभोवतीची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती सरळ टाकीत पडेल. मस्टँगमध्ये पेट्रोल बाहेर नेणारी नळीही युनिटमधूनच निघते, तेव्हा तिच्यावरचा रबरी होज क्लिप सोडवून काढा. तो जुना असेल तर परत लावू नका, नवा घ्या. घेताना होजवर इंधनासाठीची 'एसएई ३०आर७' खूण पाहा, पाण्याचा होज चालत नाही. मग युनिट जागी धरून ठेवणारी लॉक रिंग. गंज असेल तर तेल सोडून थोडा वेळ थांबा. रिंगच्या कानांवर पितळी दांडका टेकवून घड्याळाच्या उलट दिशेने हलके ठोके द्या, एका कानावर दोन, मग दुसऱ्यावर दोन. लोखंडी छिन्नी नको, ठिणगी उडते.

युनिट सरळ ओढून निघत नाही. थोडं बाहेर घ्या, तिरपं करा आणि फ्लोट भोकातून वळवून काढा. जोर लावलात तर दांडी वाकते, आणि मग जुन्याशी तुलना करायला काही उरत नाही. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर निदान बरोबर होतं.

नवं युनिट बसवण्याआधी टेबलावर तपासा, हे बहुतेक लोक टाळतात. मीटर जोडून दांडी अगदी हळू वर-खाली करा. आकडा ७३च्या आसपासून १०पर्यंत सलग उतरला पाहिजे. मध्येच मीटर कोरा पडला किंवा आकडा उडाला तर युनिट परत करा. बाजारात येणाऱ्या नव्या युनिटांत हा दोष आढळतो. जुनं आणि नवं शेजारी ठेवून दांडीची लांबी आणि वाक जुळवा. फरक असेल तर दांडी हाताने नाही, दोन पकडींनी धरून वाकवा, म्हणजे घासणाऱ्या पत्तीवर ताण येत नाही. जुळवताना 'ई' अचूक ठेवा, 'एफ'वर थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. रस्त्यात गाडी बंद पाडतो तो खालचा आकडा.

रबरी पॅकिंग नवंच लावा, आणि नळीच्या टोकाची जाळीही नवी. पॅकिंगला सिलिकॉन फासू नका. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं, आणि त्याचे तुकडे जाळीत जाऊन बसतात. रिंग थांब्याला टेकेपर्यंत फिरवा. मग दोनतीन गॅलन भरून कोरडं फडकं रिंगभोवती फिरवा. ते ओलं झालं नाही, तरच टाकी पूर्ण भरा आणि पुन्हा एकदा फडकं फिरवा. अर्ध्या टाकीला न गळणारं पॅकिंग भरल्या टाकीच्या दाबाखाली गळू शकतं.

प्रश्न: प्रीमियर पद्मिनीचं मूळ टँक युनिट मिळेना, म्हणून दुकानदाराने दिलेलं 'युनिव्हर्सल' बसवलं. आता टाकी भरली की काटा रिकामं दाखवतो आणि रिकामी झाली की भरलेलं! वायर उलटी लागली असेल का? — कोल्हापूर

वायरचा दोष नाही. युनिट चुकीच्या कुळातलं आहे.

गेजची दोन कुळं आहेत. एकात टाकी भरली की रेझिस्टन्स कमी होतो, दुसऱ्यात वाढतो. जुन्या फोर्डचं ७३ ते १०, ब्रिटिश स्मिथ्सच्या तापणाऱ्या पट्टीच्या गेजचं रिकाम्याला २४०च्या आसपास आणि भरल्यावर ३०च्या आत, हे पहिलं कूळ. व्हीडीओ या जर्मन कंपनीचं १० ते १८०, जनरल मोटर्सचं १९६५ नंतरचं ० ते ९०, हे दुसरं. 'युनिव्हर्सल' याचा अर्थ भोकाला बसतं इतकाच. गेजला ते चालेल याची हमी त्यात नसते.

तुमचं गेज कोणत्या कुळातलं हे वायरच सांगेल. इग्निशन बंद ठेवून युनिटवरची वायर काढा, टोक कुठे टेकणार नाही असं बांधा आणि इग्निशन चालू करा. काटा रिकाम्याकडे राहिला तर पहिलं कूळ, भरल्याच्या पलीकडे गेला तर दुसरं. मग १०, ३३, ७५, १००, १८० आणि २४० ओहमचे रेझिस्टर आणा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात ते मिळतात. एकेक करून वायर आणि बॉडीच्या मध्ये जोडा आणि काटा कुठे थांबतो ते कागदावर लिहा. 'ई' आणि 'एफ' ज्या आकड्यांवर येतात, त्या आकड्यांचं युनिट मागा. दुकानात कागद आणि मल्टीमीटर घेऊनच जा.

मूळ युनिट टाकून दिलं नसेल तर ते आधी शोधा. आतली तार तुटलेली नसेल आणि नुसती काळवंडलेली असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ होते, पत्तीचा दाब किंचित वाढवला की पुन्हा चालते. सँडपेपर मारू नका, ती तार केसासारखी बारीक असते. मूळ दांडी तुमच्या टाकीच्या खोलीसाठीच वाकवलेली आहे, आणि हा तिचा गुण कोणत्याही युनिव्हर्सल युनिटात नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. युनिटवर दोन टर्मिनल असतील तर एक काट्याचं असतं आणि दुसरं पेट्रोल संपत आल्याच्या लाल दिव्याचं. ती अदलाबदल झाली तर काटा एका टोकाला जाऊन बसतो आणि दिवा भलत्याच वेळी मिणमिणतो.

प्रश्न: १९७२ ची एमजीबी. टाकी निम्मी असतानाच काटा पूर्ण दाखवतो. युनिट दोनदा बदललं, फरक नाही. — लेस्टर, इंग्लंड

तिसऱ्यांदा बदलू नका. डॅशबोर्डमागे एक छोटी डबी आहे, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती गेजला सरासरी १० व्होल्ट देते. तिला अर्थ मिळतो तो तिच्याच पत्र्याच्या आवरणातून, स्क्रूच्या वाटे. तो स्क्रू गंजला किंवा ढिला झाला की डबी काम थांबवते, बॅटरीचा पूर्ण दाब गेजवर येतो आणि काटा जास्त दाखवू लागतो. स्क्रू काढा, दोन्ही बाजू खरवडा, घट्ट बसवा. तरीही काटा चढलेला राहिला तर डबी बदला. डबी परत लावताना आधी होती तशीच, त्याच बाजूने वर ठेवून लावा.

प्रश्न: १९७० ची बीटल आहे. टाकी भरली की पुढच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो, दोनतीन दिवसांनी जातो. — पुणे

पेट्रोल वरपर्यंत असतानाच वास येतो, म्हणजे गळती टाकीच्या माथ्यावर आहे. १९६८च्या मॉडेलपासून बीटलमध्ये विजेवर चालणारं युनिट टाकीच्या वर, पाच स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि त्याखाली पॅकिंग. बॉनेटखालचा पुठ्ठा उचललात की समोरच दिसतं; टाकी उतरवायची गरज नाही, पातळी थोडी खाली आली की पुरे. बॅटरी मागच्या सीटखाली आहे, तिची वायर आधी काढा.

स्क्रू सोडवताना आधी तेल, मग स्क्रूड्रायव्हरचं तोंड खाचेत घट्ट बसेल असं निवडा. डोकं घासलं की ड्रिल मारावं लागेल आणि भरल्या टाकीवर ड्रिल मारणं हा विचारच मनात आणू नका. युनिट कोणत्या दिशेला तोंड करून बसलं होतं त्याची मार्करने खूण करा. नवं पॅकिंग लावून पाचही स्क्रू आधी नुसते टेकवा, मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा. एका बाजूने आवळलं तर युनिटची पातळ कडा वाकते आणि नवं पॅकिंगही गळतं.

त्याच वेळी टाकीच्या तोंडाचा मोठा होज आणि हवेच्या बारीक नळ्या दाबून पाहा. बोटाखाली तडा उघडला तर वासाचं दुसरं कारणही सापडलं.

प्रश्न: युनिट काढलं तेव्हा टाकीच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. ओळखीचे वेल्डर म्हणतात, पाण्याने दोनदा धुऊन वेल्डिंग मारून देतो. फ्लोटही गळतो, त्याला डाग (सोल्डर) देता येईल का? — नाशिक

टाकीला वेल्डिंग करू देऊ नका. धुतलेली टाकी वासाने रिकामी वाटते, पण पत्र्याच्या जोडांत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली पेट्रोल मुरलेलं असतं. ज्योत लागली की तापून ते वाफ होतं. भरलेल्या टाकीपेक्षा अशी 'रिकामी' टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. अशा कामात माणसं मेलेली आहेत, आणि मेलेल्यांत अनुभवी माणसंही होती. शिवाय तळाला एक भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही आतून खाल्ला गेला आहे. टाकी बदला.

फ्लोटला डाग देता येतो, पण आत शिरलेलं पेट्रोल आधी काढायला हवं. फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे चीर आहे. जवळ बारीक भोक पाडून आतलं पेट्रोल पूर्ण झटका आणि फ्लोट बाहेर उन्हात दिवसभर वाळू द्या. हलवून आवाज येईनासा झाला आणि वास गेला, तरच डाग द्यायचा. तोही कमीत कमी शिसं वापरून, कारण वजन वाढलं की फ्लोट खोल बसतो आणि काटा कायम कमी दाखवतो. नवा फ्लोट मिळत असेल तर हा खटाटोप करू नये, असं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: चाळीसच्या दशकातली अमेरिकन गाडी, युनिटला कॉर्कचा फ्लोट. वर्षानुवर्षं ठीक होता. हल्ली काटा हळूहळू खाली बसत चालला आहे. पेट्रोल मात्र भरलेलं असतं. — वडोदरा

कॉर्क पेट्रोल पिऊन जड झाला आहे, आणि त्याचं कारण बहुधा आजचं पेट्रोल. जुन्या कॉर्कच्या फ्लोटवर अनेकदा चपडा लाखेचा थर असे. लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिशसाठी ती स्पिरिटमध्ये विरघळवतो ती याच गुणामुळे. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल, म्हणजेच अल्कोहोल. थर गेला की कॉर्क स्पंजासारखा होतो. पुन्हा लाख लावून उपयोग नाही. बंद पेशींच्या नायट्राइल रबराचा किंवा पितळी फ्लोट लावा, आकारमान जुन्याइतकंच ठेवा आणि बसवण्याआधी पेट्रोलच्या डब्यात रात्रभर तरंगत ठेवून पाहा. सकाळी तो संध्याकाळच्याच उंचीवर तरंगायला हवा.

युनिट बाहेर काढलंच आहे तर कॉर्कचं पॅकिंगही बदला, व्हायटॉन रबराचं मिळालं तर उत्तम. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं आणि नेमकं रिकाम्या बाजूच्या तारेला आणि पत्र्याला खातं. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. वरपर्यंत भरून ठेवा, म्हणजे दमट हवेला आत जागाच राहत नाही. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू करण्याआधी तळाचा प्लग सोडून पेलाभर पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळी टाकी उपसावी लागेल.